माजघराचं दार: पडदा अखेर हलला

हलला एकदाचा! माजघराच्या दाराचं माझं हे जलरंगातलं चित्र पहिल्या रेखाटनापासून पाहणाऱ्यांना माझा आनंद कळेल. चौकट, उंबरठा, फरशीवरचा उन्हाचा पट्टा केव्हाच जमले होते. पडदा तेवढा इस्त्री करून टांगल्यासारखा लोंबत होता. चुण्या वाढवल्या, तिरक्या केल्या, तरी वारा काही आत येईना.

मग अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायथचं 'विंड फ्रॉम द सी' (१९४७) हे चित्र पुन्हा मोठं करून बघत बसले. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ओल्सन घराची वरच्या मजल्यावरची खिडकी आणि आत उडालेले जीर्ण जाळीचे पडदे. टेम्परा (अंड्याच्या बलकात कालवलेला रंग) असल्यामुळे जाळीत विणलेले पक्षीसुद्धा दिसतात. जलरंगात तो हव्यास धरू नये. घेण्यासारखं आहे ते वेगळंच: खिडकीची चौकट ठाम आहे, म्हणून पडद्याचं उडणं पटतं. म्हणजे गोम चुण्यांत नाही, कडांत आहे.

या वेळी पडद्याची कांबीला धरलेली बाजू कोरड्या कागदावर, करकरीत ठेवली. खालची उडणारी कड मात्र आधी ओली केली, अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून अगदी फिका करडा सोडला आणि ती बाहेरच्या उजेडात विरू दिली. कापड दुहेरी होतं तिथे ऊन गाळून येतं, म्हणून करडा ओला असतानाच पिवळसर रॉ सिएनाचा एक थेंब. तो पसरताना बघत राहिले. चुणीच्या टोकाला कोरा कागद राहिलाय, बोटाच्या पेराएवढा, आणि अख्ख्या चित्रातला सगळ्यात उजळ भाग तोच आहे!

पांढरं राखायला मास्किंग फ्लुइड (कागद झाकून ठेवणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) वापरू नका, हे माझं ठाम मत. इथल्या एका दुकानातून आणलेली बाटली इतकी जुनी निघाली की काढताना कागदाचा पापुद्राच आला. आणि पावसाळ्यात कागद बंद डब्यात ठेवा. साइझिंग, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारा कागदावरचा लेप, गेलं की रंग नुसता शोषला जातो, कड विरघळवायला वेळच मिळत नाही.

आता वाऱ्याचा आवाज. दारावर घंटा टांगायचा बेत होता, पण लिहिता लिहिताच तो रद्द करतेय. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं चित्रकार एस. एल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा, हातात दिवा घेतलेल्या बाईचं. त्यात वारा कुठेच रंगवलेला नाही, ज्योतीआड धरलेल्या तळहातावरून तो ओळखू येतो. घंटा वाजतेय हे चित्रात सांगावं लागतं. दाराशेजारच्या भिंतीवर कालनिर्णय लावलं आणि त्याचं खालचं पान उचललेलं दाखवलं, तर ती फडफड प्रत्येकाच्या कानात आधीपासूनच आहे.

खरी कसोटी पानाच्या सावलीची. खिळ्यापाशी ती पानाला चिकटलेली हवी, खालच्या कोपऱ्याशी सुटलेली आणि मऊ. किती सुटी ठेवायची ते चित्राच्याच ३०० जीएसएम (जाड) कॉटन कागदाच्या तुकड्यावर आधी करून बघते. तोवर पडद्याला हात लावणार नाही.