रात्रीचं पाणी

शनिवार, रात्री उशिरा

माशांच्या टँकमधला वेव्हमेकर, म्हणजे खारं पाणी हलतं ठेवणारी मोटर, रात्रीही कमी करायचा नाही, हे आज पक्कं ठरवलं. आईला तो आवाज खुपतो. "रात्री तरी ती मोटर बंद ठेव गं, मासेसुद्धा झोपतात," असं ती जेवताना पुन्हा म्हणाली. तिचं चुकत नाही, हॉलमध्ये झोपणाऱ्याला ती घरघर ऐकू येतेच. पण टँकमधल्या ॲनिमोनला वाहत्या पाण्याची खरी गरज दिवे बंद झाल्यावरच असते. हे तिला नीट सांगायला हवं होतं, म्हणून आज शांतपणे सांगितलं.

आपला बबल टिप ॲनिमोन दिसतो फुलासारखा, पण तो प्राणी आहे. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं नाहीत, रक्तसुद्धा नाही. अंगाला लागलेल्या पाण्यातला ऑक्सिजन कातडीतून थेट आत झिरपतो, तेवढाच त्याचा श्वास. पाणी साचून राहिलं की अंगालगतच्या पातळ थरातला ऑक्सिजन संपतो. वाहत्या पाण्याने तो थर हटतो आणि ताजं पाणी अंगाला लागतं. दिवसा त्याला आणखी एक आधार असतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, ती उजेडात साखर आणि ऑक्सिजन तयार करतात. दिवे बंद झाले की तीच शैवालं ऑक्सिजन खायला लागतात. म्हणजे रात्री मिळकत थांबते आणि खर्च चालूच राहतो. वेव्हमेकरचा जोर ठरवणाऱ्या बऱ्याच कंट्रोलरना रात्री प्रवाह आपोआप मंद करायची सोय असते, पण ॲनिमोनच्या टँकमध्ये ती वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

ॲनिमोनच्या आसऱ्याने राहणाऱ्या क्लाउनफिश माशाला हे आपल्याआधी ठाऊक असावं. लाल समुद्रातला दोन पट्ट्यांचा क्लाउनफिश आणि हाच बबल टिप यांच्यावरचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला. रात्री मासा ॲनिमोनच्या शुंडकांत, म्हणजे त्याच्या बोटांसारख्या लवचिक अवयवांत, नुसता पडून राहत नाही. तो पंख हलवतो, कूस बदलतो, शुंडकांतून घुसून बाहेर येतो आणि त्या हालचालीने यजमानाच्या अंगावरून पाणी खेळतं. दोघं वेगवेगळे असताना जेवढा ऑक्सिजन वापरतात, त्याहून जास्त एकत्र असताना वापरतात, असं त्यात मोजलेलं आहे. मघाशी लाल टॉर्च लावून पाहिलं. आपल्या टँकमधली क्लाउनफिशची मादी शुंडकांत रुतून बसली होती, छातीचे पंख मात्र सारखे चालू होते. मध्येच तिने अख्खं अंग वळवलं, शुंडकं बाजूला झाली, आणि एरवी घडीत दडलेला भाग उघडा पडला. आईला हाक मारून दाखवलं. बराच वेळ वाकून बघत होती. मोटरचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

नुसता जोर वाढवून मात्र भागत नाही. टँक दोनशे लिटरचा, वेव्हमेकर ताशी चार हजार लिटरपर्यंत जाणारा, म्हणजे आकड्यांत वीसपट. पण तोच झोत सरळ अंगावर सोडला तर बबल टिप आक्रसतो, नाहीतर जागा सोडून चालू लागतो. माझा पंप समोरच्या काचेकडे, पृष्ठभागाच्या जरा खाली रोखलेला आहे. पाणी काचेवर आपटून फुटतं, रॉकवरून वळून येतं आणि ॲनिमोनपर्यंत पोचताना त्याला एकच एक दिशा राहत नाही. वर पाण्याला सतत सुरकुती असते, हवेतला ऑक्सिजन तिथूनच मिसळतो. कंट्रोलर कमी-जास्त होणाऱ्या लहरीवर ठेवलाय. वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांत ओहोटीला थांबून पाहिलं तर कळतं की समुद्राचं पाणी कधी एका रेषेत जात नाही. ते येतं, फिरतं, माघारी जातं.

प्रवाह बरोबर आहे की नाही, हे ॲनिमोनच सांगतो. आज संध्याकाळी गोठवलेल्या खाण्याचं वितळलेलं पाणी पिपेटने वरच्या बाजूला सोडलं आणि कण कुठे जातात ते पाहिलं. कण शुंडकांवर घुटमळले, काही चिकटले, उरलेले मागच्या फटीतून निघून गेले. टोकं एकदा इकडे, एकदा तिकडे झुकत होती. सगळी शुंडकं कायम एकाच बाजूला लोळलेली दिसली तर जोर जास्त. मुखाभोवती चिकट स्राव आणि तपकिरी धागे तसेच पडून राहिले तर कमी. त्याचं खाणं आणि टाकणं एकाच तोंडातून होतं, त्यामुळे टाकलेलं वाहून न्यायला पाणी लागतंच.

ॲनिमोनने आपला पाय, म्हणजे अंगाचा तळ, स्वतः निवडलेल्या फटीत घट्ट रोवलाय, तिथून त्याला हलवायचं नाही. काही बदलायचं झालंच तर पंपाचा कोन बदलायचा. पंपावर जाळी हवीच. फिरता ॲनिमोन पंपात ओढला गेला तर त्याच्या चिंध्या होतात आणि अख्ख्या टँकचं पाणी नासतं. त्या जाळीवर शेवाळ धरलं की प्रवाह हळूहळू पडतो आणि रोज बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून ठरावीक दिवशी जाळी घासायची, पंप व्हिनेगर घातलेल्या पाण्यात चालवायचा, चुन्याचा थर सुटतो.

आता पावसाळा तोंडावर आलाय. आमच्याकडे जोराचा वारा सुटला की वीज जाते, आणि रात्री गेली तर सकाळपर्यंत कुणी फिरकत नाही. उद्या बॅटरीवरचा एअर पंप तपासायचा आणि वेव्हमेकर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायचा. हीटर आणि दिवे त्यावर नकोत, बॅटरी लगेच उतरेल. इलेक्ट्रिशियनला सकाळी फोन करायचा आहे.