बाळ झोपल्यावर अभ्यास होत नाही

"मी नोकरी करतो, तू घरी थांब, बाळ झोपलं की अभ्यास कर." मूल झाल्यावर पुष्कळ घरांत ठरतं ते एवढंच, आणि तेही चहा पिता पिता. मग दोन वर्षांनी पुस्तकं कपाटावर आणि दोघंही धुसफुसत. (घरी थांबणारी बहुतेक वेळा आई असते, म्हणून तसं लिहिलंय. बाबा थांबला तरी हिशोब तोच.)

म्हणून दोघांनी एकदा नीट बैठक घ्या आणि सगळं कागदावर लिहून ठरवा. आधी तास मोजा. इग्नूमध्ये (घरी राहून शिकता येतं अशा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. एम.ए. 80 क्रेडिटचं असेल तर झाले 2400 तास. दोन वर्षांत उरकायचं म्हटलं तर आठवड्याला 23 तास. वर्षाच्या मुलाची दुपारची झोप फार तर दीड-दोन तासांची, आणि त्यातच कपडे वाळत घालणं, मऊभात लावणं नि स्वतःचं जेवण. दोन वर्षांचं एम.ए. तिथे चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं. तसं केलं की आठवड्याला साडेअकरा तास पुरतात.

हे साडेअकरा तास आणायचे कुठून? शनिवार-रविवार सकाळी चार-चार तास आणि मधल्या वारी दोन संध्याकाळी पावणेदोन-पावणेदोन तास. या वेळेत तिनं घराबाहेर पडायचं, अभ्यासिकेत किंवा वाचनालयात. दार लावून आतल्या खोलीत बसलं तर मुलाला आईचा आवाज, वास सगळं कळतं. दहाव्या मिनिटाला दारावर थापा सुरू होतात आणि "जरा घे गं" म्हणत बाबा मूल आत आणून देतो. तेवढा वेळ मूल पूर्णपणे बाबाकडे: भरवणं, शी-शू, झोपवणं, सगळं. आजी आली म्हणून बाबाची पाळी चुकत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो असाइनमेंटचा. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. असाइनमेंट त्याआधीच द्याव्या लागतात, आणि त्या राहिल्या तर पेपर चांगला जाऊनही विषय अपुराच राहतो. म्हणून नोकरी करणाऱ्यानं वर्षाची सगळी रजा दिवाळीत आणि गावच्या लग्नांत संपवू नये. चार-पाच दिवस परीक्षेसाठी राखावेत.

आता पैसे. पगार थांबला हे सगळ्यांना दिसतं, भविष्य निर्वाह निधी (पीएफ) थांबला हे कुणी बोलत नाही. मूळ पगार 30,000 असेल तर तिचे 12 टक्के नि कंपनीचे 12 टक्के मिळून महिन्याला 7,200 रुपये जमत होते (त्यातले 1,250 पेन्शनमध्ये). तीन वर्षांत 2,59,200, तेही व्याज न धरता. घरी थांबायचा निर्णय दोघांचा, तर ही तूट एकटीच्या म्हातारपणाच्या माथी का? तिच्या नावावर पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं) उघडावं आणि दरमहा 7,200 त्यात टाकावेत. वर्षाचे 86,400 होतात, 1.5 लाखाच्या मर्यादेत बसतात. नवऱ्यानं दिलेल्या पैशाची तिच्या नावे एफडी केली तर व्याज त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. पीपीएफचं व्याज करमुक्त, त्यामुळे तो प्रश्न उरत नाही. पैसे 5 तारखेच्या आत भरावेत, कारण व्याज 5 तारीख ते महिनाअखेर यातल्या किमान शिलकीवर मोजतात.

नोकरी सोडल्यावर पीएफ काढून टाकायची घाई नको. पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. सहा वर्षं झाली असताना पेन्शनची रक्कम उचलली तर ती सहा वर्षं गेली. फॉर्म 10-सी भरून स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सेवेचा दाखला) घेतलं तर पुढच्या नोकरीत ती जोडली जातात. कंपनीचा आरोग्य विमाही राजीनाम्याबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी त्याआधीच हवी.

घरकामाची वाटणीही याच बैठकीत करा. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ 289 मिनिटं निघाला, पुरुषांचा 88. पोळ्या आणि भांड्यांना मावशी ठेवल्या तर त्यांचा पगार "तिच्या सोयीचा खर्च" म्हणून लिहू नका. तो फीइतकाच शिक्षणाचा खर्च आहे.

परतीचा महिनाही लिहून ठेवा. पाळणाघराची चौकशी त्याच्या सहा महिने आधी सुरू करा, आणि मूल तिथे रुळायला नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी तीन-चार आठवडे द्या. पहिल्या महिन्यात सर्दी-ताप येणारच. तेव्हा घरी कोण थांबणार, तेही त्याच कागदावर असू द्या.