लाल वर्तुळातला शब्द

ऑगस्टमधल्या घटक चाचणीचे पेपर तपासताना अकरावीच्या एका मुलीच्या वाक्यातील एका शब्दाभोवती मी लाल वर्तुळ काढले आणि अर्धा गुण कापला. आवडत्या व्यक्तीविषयी परिच्छेद लिहायचा होता. तिने आजोबांवर लिहिले होते आणि पहिलेच वाक्य होते, ‘माय ग्रँडफादर इज व्हेरी जेलस फॉर पंढरपूर.’ तो अर्धा गुण अजून माझ्या मनातून जात नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातील कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. बोर्डाच्या परीक्षेत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी अशी विभागणी असली, तरी तोंडी परीक्षेकडे आमच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. त्यामुळे मुलांना शब्द माहीत होतात ते डोळ्यांनी, कानांनी नव्हे. शिवाय गाईडमध्ये प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी प्रतिशब्द छापलेला असतो, आणि मुले तो अंतिम मानतात. या गाईडांनी भाषेचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे परीक्षेतील नकलांनीही केले नसेल.

म्हणूनच चाचणीच्या तीन आठवडे आधी मी एक पूर्ण तास ‘निष्ठा’ या एका अर्थाच्या इंग्रजी शब्दांना दिला होता. ‘डिव्होशन’ लॅटिनमधल्या नवसावरून आला, म्हणून त्यात वाहून घेणे आहे. ‘आर्डर’मध्ये जळणे आहे, तर ‘फर्व्हर’मध्ये उकळणे. ‘पॅशन’च्या मुळाशी सोसणे आहे. ‘एन्थुझिअ‍ॅझम’ म्हणजे ग्रीकांच्या लेखी अंगात देव येणे, आणि सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तो शब्द भलत्या धर्मवेडासाठी निंदेने वापरला जात असे. शेवटी मी ‘झील’ घेतला, कारण तो मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे. झील म्हणजे नुसती भावना नव्हे. हात कामाला लावणारी तळमळ. गावात शिरताच आधी खराटा हाती घेणारे आणि रात्री कीर्तन करणारे गाडगेबाबा मी उदाहरण म्हणून सांगितले, आणि त्यांच्या सुधारणेच्या तळमळीला इंग्रजीत हाच शब्द शोभतो, असे म्हटले. फळ्यावर विशेषण लिहिले, ‘झेलस’.

घोटाळा तिथेच झाला होता, पण तो मला कळला नाही. मराठीत ‘झ’चे दोन उच्चार आहेत. झाड, झोप यांतला झ दंततालव्य आहे, तर झेंडा, झीज यांतला तालव्य. ‘इ’ आणि ‘ए’ या स्वरांआधी आपली जीभ आपोआप टाळूकडे सरकते, म्हणून आमची मुले शून्याला ‘जिरो’ आणि पट्टेवाल्या प्राण्याला ‘जेब्रा’ म्हणतात. इंग्रजी ध्वनी काढायचा तर ‘स’ म्हणत असतानाच गळ्यातून आवाज सोडावा लागतो. बोटे कंठावर ठेवली तर थरथर जाणवते. मी पाचवीच्या शिक्षकांना हे अनेकदा सांगितले आहे, पण पोर्शन संपवण्याच्या घाईत ध्वनी शिकवायला कोणालाच वेळ नसतो. त्या दिवशी मलाही नव्हता. देवनागरीत लिहिलेला ‘झेलस’ मराठी नियमाने वाचला की तो ‘जेलस’च्या इतका जवळ येतो की, मागच्या बाकावर दोन्ही एकच ऐकू येतात.

पेपर परत देताना मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले. अशा चुकीतून सर्वांनी शिकावे, एवढाच माझा हेतू होता. ‘जेलस’ हा शब्द आता खेड्यातल्या मुलांच्याही रोजच्या बोलण्यात आहे. वर्ग खळखळून हसला. त्या मुलीने पेपर घडी करून दप्तरात ठेवला. तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली आणि तिने विचारले, “मॅडम, माह्या आबाजीचं काही चुकलं काय जी?” तिला वाटले होते की वर्ग आजोबांना हसला.

मी तिला समजावले, पण ते समजावणे माझे मलाच अपुरे वाटले. संध्याकाळी घरी जाऊन जुना, जाड शब्दकोश उघडला. ‘झेलस’ आणि ‘जेलस’ या दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे, ग्रीक ‘झेलॉस’. तो लॅटिनमध्ये गेला, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये जाताना त्याचा पहिला वर्ण बदलला, आणि इंग्रजीने पुढे एकाच घरातील हे दोन भाऊ वेगवेगळ्या कामांना लावले, एकाला तळमळीच्या आणि दुसऱ्याला मत्सराच्या. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये एलीया संदेष्टा आपण परमेश्वरासाठी किती झटलो हे सांगताना ‘व्हेरी जेलस फॉर’ असेच म्हणतो. म्हणजे मी ज्या शब्दाभोवती वर्तुळ काढले होते, तो चारशे वर्षांपूर्वी त्याच अर्थाने, त्याच शब्दयोगी अव्ययासह, शुद्ध इंग्रजी होता. आज तो चूकच आहे. परीक्षक म्हणून मी ते नाकारू शकत नाही. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावले आणि आजोबांविषयी विचारले. आमच्या जिल्ह्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते, आणि तिथून तिची पालखी महिनाभर पायी चालत पंढरपूरला जाते. आजोबा दरवर्षी त्या पालखीत असतात. नेमका तोच काळ पेरणीचा असतो. मृगाचा पाऊस पडला की सगळे गाव शेतात, आणि आबाजी वर्धा नदीच्या काठी पालखीसोबत. मुलगा चिडतो, तिफण भाड्याने आणावी लागते, आणि आजी म्हणते, “पंढरी माही सवत हाये.”

हे वाक्य ऐकून मी काही क्षण बोलूच शकले नाही. तिने फळ्यावरचा शब्द चुकीचा ऐकून लिहिला होता, की घरातली सवत तिच्या मनात होती आणि म्हणून तो शब्द तिला बरोबर वाटला? विचारायचा मला धीर झाला नाही. विचारले असते तरी तिला ते सांगता आले असते, असे वाटत नाही.

मग मी तिला विचारले की आबाजींसाठी ‘झेलस’ तरी योग्य आहे का. याच शब्दापासून ‘झेलट’ हा शब्द आहे, जो पहिल्या शतकात रोमन सत्तेविरुद्ध उठलेल्या ज्यू बंडखोरांचे नाव होता आणि आता अतिरेकी निष्ठावंताला वापरतात. ‘ओव्हरझेलस’ म्हणजे गरजेपेक्षा जास्त पुढे धावणारा. हे सांगितल्यावर ती ठामपणे म्हणाली की, तिचे आबाजी कोणाला काही सांगत नाहीत, कोणाला सोबत चला म्हणत नाहीत. ज्येष्ठ आला की त्यांना घरात राहवत नाही, एवढेच. तेव्हा मी ‘डिव्होटेड’ सुचवला, आणि त्याच्यापुढे ‘फॉर’ नव्हे, ‘टू’ येतो, हेही सांगितले.

तिने वहीत दोन वाक्ये लिहून आणली. आजोबा पंढरपूरला ‘डिव्होटेड टू’, आणि आजी पंढरपूरवर ‘जेलस ऑफ’. दोन्ही निर्दोष होती. कापलेला अर्धा गुण परत देण्याविषयी मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारले. चूक ती चूक, असे ते म्हणाले, आणि तोवर गुणतक्ता कार्यालयात गेलाही होता.

दिवाळीपूर्वीच्या सत्र परीक्षेत एका समाजसेवकाविषयी लिहायचे होते. ‘झील’ वापरायला इतकी मोकळी जागा प्रश्नपत्रिकेत पुन्हा मिळणे कठीण. बऱ्याच जणांनी गाडगेबाबा निवडले होते, खराटाही लिहिला होता. मी सगळे पेपर दोनदा पाहिले. तो शब्द कोणीही वापरला नव्हता, तिनेही नाही.