तुम्ही विचारलंत म्हणून: किनाऱ्यावरून लुअर टाकायला कुठला रॉड घेऊ आणि कुठे उभा राहू?

मेसेज ठरलेला असतो. "दादा, बजेट अमुक आहे, कुठला रॉड घेऊ?" आणि त्याचं उत्तर द्यायच्या आधीच दुसरा, "आणि एखादा चांगला स्पॉट सांगा ना." मी उलट विचारतो, तुम्ही उभे कुठे राहणार आहात? खडपावर म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळावर, खाडीच्या मुखाशी, की पुळणीवर म्हणजे वाळूवर? यावर निम्मे लोक गप्प होतात आणि उरलेल्यांना वाटतं हा सांगायचं टाळतोय. टाळत नाहीये बाबांनो. पाणी कळल्याशिवाय काठी सांगता येत नाही, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. फक्त कोकण किनाऱ्याबद्दल हं, रायगडपासून सिंधुदुर्ग आणि पुढे थोडं गोव्यापर्यंत, किनाऱ्यावर उभं राहून, लुअरने म्हणजे खोट्या आमिषाने. बोटीवरचं आणि कोळंबी लावून गरवायचं वेगळं, त्यातले उस्ताद प्रत्येक बंदरावर आहेत, त्यांना विचारा.

आधी एक भूत उतरवू. व्हिडिओत ऑस्ट्रेलियातला नाहीतर जपानमधला माणूस कड्यावरून दीडशे ग्रॅमचा पॉपर (पाण्यावर आपटत, आवाज करत येणारा लुअर) फेकतो आणि माणसाएवढा जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हली मासा काढतो, ते बघून आपल्याकडची मुलं पीई 8 चा (पीई म्हणजे लाइनच्या जाडीचा आकडा) रॉड आणि 14000 साइजचं रील मागवतात. आपल्या किनाऱ्यावरून खडपात लागणार काय तर तांबोशी, गोबरा, छोट्या-मध्यम कोकर, खाडीत जिताडा (गोव्यात चोणक), रावस, मधूनच टोळ. बहुतेक मासे एक ते चार किलोतले. मोठा लागतो कधीतरी, नाही असं नाही, पण त्या एका माशासाठी वर्षभर ते अवजड धूड घेऊन फिरायचं का? त्या रॉडने वीस ग्रॅमचा लुअर जातच नाही, पायापाशी पडतो, आणि दोन तासांत खांदा बोलायला लागतो. मग तो सेट कपाटावर जातो आणि "कोकणात मासेच राहिले नाहीत" असं ऐकू येतं.

मी एकच सेट घ्यायचा असेल तर काय सांगतो ते लिहितो. रॉड नऊ फूट, स्पिनिंग, त्यावर लुअरचं वजन साधारण 15 ते 45 ग्रॅम असं काहीतरी छापलेलं. रील 4000 साइज. लाइन ब्रेडेड म्हणजे विणलेली, पीई 2, म्हणजे तीसेक पाउंड. पुढे लुअरपाशी बांधायचा जाड लाइनचा तुकडा, म्हणजे फ्लोरोकार्बन लीडर, 40 ते 50 पाउंडांचा, दीड मीटर तरी लांब. लोक विचारतात लाइन तीसची आणि लीडर पन्नासचा कशाला, तर लीडर नुसता ताकदीसाठी नसतो, घासायला असतो. आपला खडप म्हणजे कालवं आणि शेवाळ, कालवाच्या कडेला ब्रेडेड नुसती टेकली तरी गेली. आणि जिताड्याचं तोंड आतून पॉलिश पेपरसारखं, वर कल्ल्याच्या झाकणाला अशी धार की हात कापतो. नऊ फूट का, तर लांबवर फेकता येतं हे आहेच, पण खरं कारण म्हणजे मासा जवळ आल्यावर लाइन पुढच्या दगडांवरून उचलून धरता येते. फक्त तिवरांच्या आत, अरुंद खाडीत जाणार असाल तर मात्र सात फुटीच घ्या, तिथे नऊ फुटी काठी मागच्या फांदीत अडकते आणि नको ते शब्द तोंडात येतात.

पैसे कुठे घालायचे? रॉडवर सगळ्यात कमी. मला माहितीये दुकानात गेल्यावर रॉडच हातात घेऊन हलवून बघावासा वाटतो, पण मासा सुटतो तो रील, लाइन किंवा हुक यांच्यामुळे. रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की लाइन सोडणारा ब्रेक, अडकत अडकत सुटत असेल तर तांबोशीच्या पहिल्या धडकेत लाइन तुटते. घरी करून बघा, बॅग मोजायचा वजनकाटा असतो ना, तो कुणाला तरी धरायला सांगा, लाइन रॉडच्या रिंगांतून काढून त्याला बांधा आणि रॉड वाकवून ओढा. साडेतीन-चार किलोला लाइन सुटायला लागली पाहिजे, एकसारखी, गचके न देता. साधारण नियम लाइनच्या ताकदीचा पाव ते तिसरा हिस्सा. बऱ्याच जणांचा ड्रॅग एक-दीड किलोवरच सुटत असतो आणि त्यांना वाटत असतं फार घट्ट लावलाय.

मग हुक. गोड्या पाण्याचे लुअर स्वस्तात मिळतात आणि चालतातही छान, पण त्यावरचे ट्रेबल म्हणजे तीन टोकांचे हुक बारीक तारेचे असतात, दोन किलोच्या तांबोशीने उघडलेला हुक मी बघितलाय, तीन टोकांपैकी एक सरळ सुईसारखं झालेलं. म्हणून लुअर घेतला की पहिलं काम हुक आणि तो अडकवायची कडी म्हणजे स्प्लिट रिंग बदलणे, खाऱ्या पाण्याच्या जाड लावणे. मी तर बऱ्याच लुअरना ट्रेबल काढून एकेरी हुक लावतो, दगडात कमी अडकतो, मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही आणि आपल्या बोटात शिरायची शक्यताही कमी.

लुअरचा डबा बघून लोकांची श्रीमंती कळते, बाकी काही कळत नाही. चार प्रकार पुरतात. तीस ग्रॅमची धातूची जिग किंवा स्पून, वारा समोरून असला तरी जाते. एक पॉपर. एक तरंगणारा मिनो, बारा सेंटीमीटरच्या आसपास, जो ओढल्यावर फूट-दोन फूटच खाली जातो. आणि जिगहेडवर (वजन जोडलेल्या हुकवर) लावायचं शेपटीवालं सॉफ्ट प्लास्टिक. रायगडच्या खाड्यांत पाणी गढूळ, तिथे माशाला दिसण्यापेक्षा जाणवलं पाहिजे, म्हणून जोरात शेपटी हलवणारं प्लास्टिक, गडद किंवा सोनेरी. खाली देवगड-मालवणकडे पाणी दिवाळीनंतर नितळ होतं तिथे चंदेरी मिनो हळू ओढायची गरज नाही, जितका पळेल तितका बरा. रंगांवर याहून जास्त वेळ घालवू नका असं माझं मत, बाकी भांडायचं असेल तर या.

आता स्पॉट. पिन पाठवणार नाही, सॉरी. कारण साधं आहे, खडपातली तांबोशी एका बिळाला धरून राहते, एका जागी चार-दोनच असतात, जागा फुटली की दोन रविवारांत साफ. पण जागा शोधायची कशी ते सगळं सांगतो.

सगळ्यात आधी तिथी बघा. गावाकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. अमावास्या-पुनवेला बाराच्या आसपास. किनाऱ्यावर वर-खाली जाल तसा यात तासाभराचा फरक पडतो, अचूक हवं असेल तर ॲप आहेच, पण हा हिशोब डोक्यात असला की कॅलेंडर बघूनच सुट्टी टाकता येते. आता याचा उपयोग बघा. पुनवेला भरती बाराला म्हणजे ओहोटी सहाला, आणि उधाणाची म्हणजे पाणी सगळ्यात आत गेलेलं. त्या संध्याकाळी काठी घरी ठेवा. नुसते खडपावर जा आणि मोबाइलने फोटो काढा. एरवी पाण्याखाली असणारे खड्डे, चिरा, दोन कातळांमधली घळ, वाळू कुठे संपते आणि दगड कुठे सुरू होतो, सगळं उघडं पडलेलं असतं. मग एकादशी-द्वादशीला या. भरती सकाळी सव्वाआठ-नऊला पूर्ण होणार म्हणजे उजाडताना पाणी अर्ध्यावर चढत असतं, उधाण जवळ आल्यामुळे पाण्याला ओढही असते. चढतं पाणी, कमी उजेड आणि त्या फोटोतली घळ, याहून चांगलं जमून येत नाही.

थंडीत पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, पाठीवर घेऊन फेकलं की तीच जिग कुठच्या कुठे जाते. दुपारनंतर वारा फिरतो, समुद्राकडून येतो, फेकणं अवघड पण दगडांवर फेस तयार होतो. हा पांढरा फेस महत्त्वाचा. मासे लांब आहेत असं समजून लोक शंभर मीटर फेकतात आणि शेवटचे दहा मीटर भराभर गुंडाळून घेतात. तांबोशी आणि गोबरा बहुतेक वेळा त्या शेवटच्या दहा मीटरातच असतात, फेसाखाली, दगडाला चिकटून, लाटेने गांगरलेल्या बारक्या माशाची वाट बघत. म्हणून लुअर पायापर्यंत येईस्तोवर हँडल सोडायचं नाही आणि मासा लागला की विचार करायचा नाही, काठी वर आणि दोन पावलं मागे. पहिल्या तीन सेकंदांत तो बिळात गेला तर गेला.

खाडीच्या मुखाचं वेगळं. तिथे मी उतरत्या पाण्याला जास्त मानतो, म्हणजे भरती पहाटे तीन-चारला झाली पाहिजे, चतुर्थी-पंचमी. सुकती म्हणजे ओहोटी लागली की आतलं सगळं खाद्य बाहेर ओढलं जातं, बोयचं पिल्लू, कोळंबी, सगळं. वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, वाघोटण विजयदुर्गला, कर्ली देवबागला, कुठलीही घ्या, मुखाशी उभं राहिलात तर अर्ध्या तासात पाण्यावर एक रेघ दिसायला लागते, इकडे खाडीचं मातकट, तिकडे समुद्राचं हिरवट, रेघेवर फेस आणि पालापाचोळा. लुअर रेघेच्या पलीकडे टाकायचा आणि प्रवाहाबरोबर वाहू देत रेघेतून काढायचा, पाण्याच्या विरुद्ध ओढायचा नाही.

हे मला एका आजोबांनी शिकवलं. देवगडकडचे, हातात नुसती तंगूस (नायलॉनची दोरी) आणि गळ, काठीसुद्धा नाही. मी जोरजोरात पॉपर आपटत होतो. बराच वेळ बघून शेवटी म्हणाले, "रे झिला, पाणी खंय जाता ता बघ आधी, मगे टाक." मी म्हटलं आजोबा, तुम्हीच दाखवा. त्यांनी एक सुकं पान उचलून पाण्यात टाकलं. पान वाहत गेलं, एका बुडालेल्या दगडामागे जाऊन गोल फिरायला लागलं. बोट दाखवलं फक्त. तिथे तिसऱ्या का चौथ्या कास्टला रावस लागला.

पुळणीबद्दल फार नाही सांगणार, कारण मला स्वतःला तिथे कंटाळा येतो. लाटा फुटत नाहीत असा गडद पट्टा शोधा, तिथे खोल असतं, बाकी चालत राहा. आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर त्या पुळणीवर लुअर काढायचाच नाही. त्यांचं पोट आहे ते, आपली हौस.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला सागरी अभयारण्य आहे, 1987 पासूनचं. तिथे काठी नेऊ नका, आणि त्या भागातल्या जागा मला विचारूही नका.

खडपावर जाताना दगड कोरडा आहे की ओला ते बघा. भरती अजून लांब आहे आणि तरी दगड ओला आहे, याचा अर्थ मधूनच एखादी मोठी लाट तिथपर्यंत येते. पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघायच्या. हरिहरेश्वरच्या कातळावर सूचना लावूनही माणसं वाहून जातात, ती काही गरवायला आलेली नसतात, पण लाट विचारत नाही. चढत्या पाण्याला परत यायची वाट आधी बघून ठेवा, मागची घळ भरली की तुम्ही बेटावर. एकट्याने अजिबात नाही. पायात स्लिपर तर नाहीच नाही.

मोठा जिताडा लागला तर सोडून द्यावा असं मी म्हणतो आणि यावर शिव्याही खातो. रायगडात जिताड्याचा मान काय आहे ते मला माहितीये, अलिबागकर तर बोलणंच बंद करतील. पण जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे तुमच्या हातातला तो दहा किलोचा बहुतेक मादीच. दोन-अडीच किलोचा घरी न्या, कालवणाला तोच बरा लागतो.

राहिला पावसाळा, हाही प्रश्न येतोच. 1 जून ते 31 जुलै बंदी असते ती यांत्रिक बोटींना, काठीला कुणी अडवत नाही. पण खडपावर त्या दिवसांत जायचं नाही, याला अपवाद नाही. पहिल्या पावसानंतर खाडीच्या आत, पुलाच्या खांबांपाशी, जिथे ओढ्याचं गढूळ पाणी येऊन मिळतं तिथे जिताडा येतो, सात फुटी काठी आणि सॉफ्ट प्लास्टिक घेऊन तिथे जा. नाहीतर त्या दोन महिन्यांत रील उघडून साफ करून घ्या. धुताना पाइपचा जोरात फवारा मारू नका, त्याने मीठ उलट आत जातं, ड्रॅग घट्ट करायचा, हलकं गोडं पाणी सोडायचं, पुसायचं आणि मग ड्रॅग सैल करून ठेवायचा. बजेट मात्र मला अजूनही कळवा, आणि सोबत कुठे उभे राहणार तेही.