प्रवास आखताना आधी मुलाची झोप आखा

लहान मूल सोबत असलं तरी प्रवासाची आखणी बहुतेक घरांत तिकिटांपासूनच सुरू होते. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर ती त्याच्या झोपेपासून सुरू करावी, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. झोप न झालेलं मूल नीट जेवत नाही, पाण्याचा पेला ढकलून देतं. पोटात पाणी कमी गेलं की ऊन, ताप किंवा जुलाब त्याला लवकर थकवतात. एकातून दुसरं असं सगळं बिघडत जातं, आणि पहिली कडी बहुतेक वेळा हुकलेल्या झोपेची असते.

४ ते १२ महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप लागते, १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास आणि ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. यात दिवसाच्या डुलक्याही आल्या. निघण्याआधी तीन-चार दिवस मूल कधी झोपतं आणि कधी उठतं ते कागदावर लिहा. रोज साडेबाराला पेंगणारं मूल असेल तर सव्वाबाराला गाडीत बसा, म्हणजे मोठा पल्ला त्याच्या झोपेत पार पडतो. त्याच वेळेला तुम्ही रांगेत किंवा जेवणाच्या टेबलावर अडकलात, तर ती झोप गेली म्हणून समजा.

‘दिवसभर जागं ठेवू, म्हणजे रात्री गाडीत ढाराढूर झोपेल’ हा हिशेब लहान मुलांच्या बाबतीत चुकतो. झोपेची वेळ टळली की शरीर जागं राहण्यासाठी ताणाची संप्रेरकं सोडतं. मग मूल थकूनही झोपत नाही, झोपलं तरी दचकून उठतं आणि पहाटेच जागं होतं. डोळे चोळणं, कान ओढणं, एकाच जागी टक लावून पाहणं या खुणा दिसल्या की लगेच झोपवायला घ्या. ते उड्या मारायला, उगाच खिदळायला लागलं असेल तर वेळ हातची गेलेली असते.

मुक्कामी मुलाच्या झोपेच्या वेळेआधी किमान दोन तास पोहोचा. त्याला खोलीभर हिंडू दे, पलंगावर चढू-उतरू दे. घरची वापरातली, न धुतलेली चादर सोबत न्या, तिचा वास ओळखीचा असतो. अंघोळ, दूध, गाणं हा घरचा क्रम तोच ठेवा, अगदी दहा मिनिटांत उरकलात तरी चालेल. पडद्यांतून उजेड येत असेल तर गडद कापड चिकटपट्टीने लावून टाका.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवा. उशी नको, जाड पांघरूण नको. उशांची भिंत रचून मोठ्या पलंगावर झोपवणं सुरक्षित नाही. बाळ उशीत तोंड खुपसतं किंवा गादी आणि भिंतीच्या फटीत सरकतं. घडीच्या पाळण्यात वरून जास्तीची गादी घालू नका, कडेला अशीच फट पडते. पाळणा उघडल्यावर चारही सांधे तळहाताने दाबून पक्के बसलेत का ते पाहा.

कारमधल्या बाळाच्या सीटचंही तसंच आहे. ती ठरलेल्या कोनात बसवलेली असते. उचलून जमिनीवर ठेवली की कोन बदलतो, बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून पोहोचल्यावर झोपमोड झाली तरी बाळाला सपाट जागी हलवा. वाटेतही दर दोन तासांनी थांबून त्याला सीटबाहेर काढा. उभ्या गाडीत मुलाला दोन मिनिटंही एकटं ठेवू नका. उन्हात बंद गाडीचं तापमान पहिल्या १० मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढतं. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

विमानात कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. लहान मुलांची कान आणि घसा जोडणारी नळी अरुंद असते, आणि बाहेरचा दाब वाढला की ती मिटते. गिळलं की ती उघडते. झोपेत मूल कमी गिळतं, म्हणून विमान खाली यायला लागलं (साधारण शेवटचा अर्धा तास) की त्याला जागं करा. बाळाला अंगावर किंवा बाटलीने पाजा, पण डोकं वर ठेवून. मोठ्या मुलाला पेल्यातून घोट घोट पाणी द्या. नाक चोंदलं असेल तर त्याआधी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात घाला. कानाचं दुखणं आधीपासून असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांच्या आत क्वचितच होतो, पुढे वाढतो. आतल्या कानाला हालचाल कळते, डोळ्यांना मात्र समोरचं पुस्तक किंवा मोबाइल स्थिर दिसतो. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. पुस्तक-मोबाइल बंद, नजर खिडकीबाहेर लांबवर आणि पोटात थोडंसं कोरडं खाणं, एवढ्याने बऱ्याच मुलांचं भागतं. औषध लागलंच तर डॉक्टरांनी सांगितलेलं, निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी. ‘झोपेल तरी’ म्हणून सर्दीचं किंवा उलटीचं औषध पाजणं मला अजिबात मान्य नाही. प्रोमेथाझिन या अशाच एका औषधाने दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा श्वास मंदावू शकतो, आणि अशा औषधांनी काही मुलं उलट रात्रभर चेकाळतात.

घड्याळ बदलणारा प्रवास असेल तर शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं हे धरून चाला. दोन-तीन दिवसांचाच मुक्काम आणि दोन तासांचा फरक असेल तर मुलाला घरच्याच वेळेवर ठेवा. फरक मोठा असेल तर जेवणखाण आणि मोकळ्या उजेडातलं खेळणं पहिल्या दिवसापासून तिथल्या वेळेनुसार करा, दिवसाची झोप दोन तासांवर जाऊ देऊ नका. रात्री दोनला टक्क जागं झालं तर मंद दिवा, भूक असेल तर थोडं खाणं, आणि पुन्हा अंथरूण. त्या वेळी कार्टून लावलं की दुसऱ्या रात्रीही ते दोनलाच उठेल.

आता पोट, कारण गडबड सर्वांत जास्त इथे होते. सहा महिन्यांच्या आतल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी देऊ नका, जास्त वेळा पाजा. पावडरचं दूध उकळून ७० अंशांच्या खाली न गेलेल्या पाण्यात कालवा, झटपट थंड करा, दोन तासांत संपवा आणि उरलेलं टाका. पाण्याची खात्री नसेल तर खळखळून एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

ओआरएसची पाकिटं हातातल्या पिशवीत असावीत. पाकीट एक लिटरचं असेल तर सगळंच्या सगळं एक लिटर पाण्यात घाला. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकणं ही नेहमीची चूक. द्रावण दाट झालं तर रक्तातलं मीठ वाढून मूल आणखी आजारी पडतं, पातळ झालं तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत. थोडंच लागणार असेल तर २०० मिलीचं छोटं पाकीट घ्या. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्या. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली द्या. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. घटाघटा पाजलं की तेही उलटून पडतं, आणि ‘याच्या पोटात काहीच राहत नाही’ असं वाटून पालक पाजणंच थांबवतात. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवा. जुलाब ‘थांबवणारी’ मोठ्यांची गोळी मुलाला देऊ नका. गोड सरबतं आणि फळांचे रस ओआरएसच्या जागी चालत नाहीत, साखरेने जुलाब वाढतात.

सहा तास शू नाही, रडताना पाणी नाही, डोळे किंवा टाळू खोल गेलेली, मूल मलूल, शौचात रक्त, यातलं काहीही दिसलं तर मुक्काम सोडून दवाखाना गाठा.

तापाच्या औषधाचा डोस वयावर नको, वजनावर काढा. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १५ मिग्रॅ. १० किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ. ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेल्या बाटलीतून हे सव्वासहा मिली होतं, ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेल्या बाटलीतून फक्त ३ मिली. घरची बाटली विसरून वाटेत दुसरी घेतली आणि माप तेच ठेवलं की मुलाला दुप्पट औषध जातं. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मिली लिहून घ्या, चिठ्ठी बाटलीला रबराने बांधा आणि औषध चमच्याऐवजी सिरिंजने मोजा. दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप आला तर औषध देऊन वाट पाहू नका, तडक डॉक्टर.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सावली आणि सैल सुती कपडे हेच उन्हापासूनचं संरक्षण. त्याहून मोठ्या मुलांना आधी ऊन रोखणारं मलम, ते सुकल्यावर डास पळवणारं. आणि हे दुसरं मुलांच्या हातांना लावू नका, हात तोंडात जातात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त मच्छरदाणी.

लसींसाठी निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. परदेशी जाताना गोवराचा एक डोस सहा महिन्यांपासूनही देता येतो, मात्र तो नेहमीच्या डोसांत धरला जात नाही, ते पुढे घ्यावेच लागतात. मलेरियाच्या भागातून परतल्यावर आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप आला तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि कुठे गेला होता हे डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगा.