बाल्कनीचे काचेचे पल्ले उतरवताना

बाल्कनीची सरकती काचेची दारे दिवाळीच्या साफसफाईत धुण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या मते ठाण्यात तरी हे काम मे महिन्यातच उरकायला हवे. घोडबंदर रस्त्यालगतच्या वसाहतींत मेट्रोच्या कामाची आणि अवजड वाहनांची धूळ सतत आत येते आणि दाराच्या खालच्या ट्रॅकमध्ये साचून राहते. जूनमध्ये पावसाची झड सुरू झाली की तिचा चिखल होतो, पाणी बाहेर जाण्यासाठी चौकटीत ठेवलेली बारीक भोके बुजतात आणि तुंबलेले पाणी दिवाणखान्याच्या फरशीवर उतरते. मानपाड्याच्या आमच्या इमारतीत अशा ओलीचा दोष बहुधा बाहेरच्या भिंतीला दिला जातो. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का, एवढे पाहिले तरी पुष्कळदा उलगडा होतो. भोके मोकळी करायला खराट्याची काडी पुरते. मात्र काम करणाऱ्याने ती सिलिकॉनने बंद केलेली असतील, तर ते सिलिकॉन कापून काढावे लागते.

काच धुणे त्यामानाने सोपे. आधी कोरडी धूळ मऊ ब्रशने झटकावी, नाहीतर तिच्यातील कण ओल्या फडक्याखाली घासले जाऊन ओरखडे उठतात. उन्हाने तापलेल्या काचेवर साबणाचे पाणी लगेच वाळून पट्टे उमटतात, म्हणून सकाळची वेळ बरी. टँकरमधून आलेल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात. ते काही मिनिटे ठेवून साध्या पाण्याने धुवावे. संडास साफ करायचे ॲसिड मात्र बाटलीतच राहू द्यावे, कारण ॲल्युमिनियमवरील संरक्षक थर त्याने खराब होतो. दुहेरी काचेच्या आतल्या बाजूस धुके दिसत असेल, तर कितीही पुसून उपयोग नाही. तिचे सील गेलेले असते आणि तो काचेचा संचच बदलावा लागतो.

ट्रॅक स्वच्छ करूनही दार जड सरकत असेल किंवा खरखरत असेल, तरच पल्ला उतरवण्याच्या भानगडीत पडावे. काचेचे वजन दर चौरस मीटरला जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो असते; म्हणजे साडेतीन फूट रुंद आणि सात फूट उंच पल्ल्यातील 6 मिलिमीटरची काचच 34 किलोच्या आसपास भरते. दोन माणसे नसतील तर हात लावू नये. वरच्या पट्टीत पल्ला उचकटू नये म्हणून एखादा तुकडा बसवलेला असल्यास तो आधी काढावा, पल्ल्याच्या खालच्या कडेचा स्क्रू फिरवून रोलर आत घ्यावेत, मग दोघांनी पल्ला सरळ वर उचलून त्याची खालची बाजू घराच्या आत ओढावी. नेहमी घरातल्या बाजूचा पल्ला आधी उतरवायचा आणि कठड्याकडे झुकून काहीही करायचे नाही. टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच समोरून चांगला मार सोसते, पण कड किंवा कोपरा फरशीवर आपटला तर ती एका क्षणात पूर्ण विखुरते. एकदा टफन झाल्यावर ती कापताही येत नसल्याने नवी काच मापानेच बनवून घ्यावी लागते. म्हणून आधीच जाड गोधडी अंथरून ठेवावी.

उतरवलेल्या पल्ल्याच्या रोलरभोवती गुंडाळलेले केस आणि धागे चिमट्याने काढावेत. झिजलेले रोलर मात्र बदललेलेच बरे. नमुन्यासाठी जुना रोलर दुकानात नेला की जोडी जुळवायला सोपे जाते. खोबरेल तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह टाळावा, कारण त्याला धूळ चिकटते. सिलिकॉनचा हलका फवारा पुरेसा होतो. पल्ला बसवल्यावर दोन्ही रोलरची उंची सारखी करून कडी खाचेत नीट बसते का ते पाहावे आणि वरचा तुकडा आठवणीने परत लावावा, कारण वरच्या मजल्यांवर जुलैतील वारा सैल पल्ल्याला सतत हिसके देत राहतो.