विजयदुर्गचा हेलियम आणि एमआरआयचं मशीन

ऑगस्टात विजयदुर्गात हेलियम दिवस होतो, किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे दाखवतात आणि लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथूनच हेलियम वायू शोधला असं छातीठोकपणे सांगतात. मी देवगडचा, मलाही ऐकायला भारी वाटतं, पण १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर इंग्लंडातच होता हो! ग्रहण बघायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आला होता, तोही आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेचा प्रकाश रंगांत फोडून त्यात एक पिवळी रेघ पकडली, सोडियमच्या जवळची पण सोडियमची नाही, तीच हेलियमची. पृथ्वीवर हा वायू हाताला लागायला १८९५ उजाडलं, रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला युरेनियमच्या खनिजात मिळाला.

मला खरी मजा पुढेच वाटते. तोच वायू द्रव करून, उणे २६९ डिग्रीला, शरीराच्या आतली चित्रं काढणाऱ्या एमआरआय मशीनच्या चुंबकाभोवती भरतात, कारण तेवढ्या थंडीत चुंबकातल्या खास तारेचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, शून्य होतो आणि वीज न थांबता फिरत राहते. आता कधी थंडी गेलीच तर द्रव उकळतो, सुमारे ७०० पट फुगतो, विषारी बिषारी काही नाही पण खोलीतला ऑक्सिजन हाकलून देतो आणि ना रंग ना वास, माणूस कळायच्या आत बेशुद्ध. म्हणून मशीनपासून थेट इमारतीबाहेर जाडा पाइप काढतात. पेशंटला तो दिसतही नाही.

कारखान्यात टाक्या, पाइपलाइनची गळती शोधायलाही हाच, अणू एवढा बारीक की बारकीशी फट पुरते, शिवाय पेट घेत नाही.